चित्रातली चमेली

चमेली भित्री नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. केशोरीच्या जंगलाला लागून आमचं गाव. तिचा नवरा मनीराम गावाचा ढोरकी. सगळ्या घरची ढोरं सकाळी गावाबाहेरच्या आखरावर जमवायची, रानात चारून आणायची आणि दिवस मावळायच्या आत ज्याची त्याला पोचती करायची, हे त्यांचं पिढीजात काम. मनीराम आजारी पडला की चमेली काठी घेऊन निघे. एकदा बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, पाळीवर बिबट्या वासरावर आला, तेव्हा तिनं दगड मारून, ओरडून त्याला पळवलं होतं. संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन सासूबाईंना म्हणाली, "पाटलीनबाई, तुमच्या गोऱ्ह्याले नख लागलं हाये, हळद भरा." बस, एवढंच. चेहऱ्यावर काही नाही.

अशी बाई एका चित्रापायी भ्याली. आणि ती भीती मी जवळून पाहिली, कारण ते चित्र आमच्याच घरी वाळत ठेवलं होतं.

मी तेव्हा या घरात नवी सून. मालगुजारी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण मामाजींना, म्हणजे माझे सासरे सेवकराम पाटलांना, लोक अजून मानत. परगावचा माणूस आला की आमच्याच ओसरीवर उतरे. तसेच नागपूरचे धामणगावकर मास्तर उतरले. शाळेत चित्रकला शिकवायचे, सुट्टीत खेडीपाडी फिरून चित्रं काढायचे. अर्जुनी स्टेशनावरून बैलगाडीनं आले. सामानात कापड ताणलेली एक मोठी चौकट होती, लहान खाटेएवढी. गावानं त्यांचं नाव ठेवलं हातफोटोवाले.

मास्तर रोज दुपार कलली की बोडीवर जाऊन बसायचे. रानातून परतताना ढोरं तिथं पाण्यावर थांबत. तेव्हा मनीरामच्या पायात काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून ढोरांमागं चमेली होती. दिवस भरत आलेले.

मास्तर म्हणाले, "बाई, जरा त्या भुऱ्या गाईपाशी थांबता का?"

"कायले जी?"

"चित्रात घेतो."

"ढोरं घ्या. ढोराइले लाज नसते."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मास्तरही हसले, पण हटले नाहीत. शेवटी ती भुरीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "घ्या तं घ्या, पन माहं पोट नोका काढू. पोटुशी बाईचा आकार कोनी घेत नसते." मास्तरांनी मान डोलावली. ते ब्रशात गुंगले होते. त्यांनी ऐकलं का नाही देव जाणे. चमेलीला वाटलं, कबूल केलं.

चित्र पुरं झालं आणि मास्तरांनी ते आमच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलं. सारं गाव लोटलं. मी आजवर देवादिकांची छापील चित्रं पाहिली होती. गुळगुळीत गाल, गुलाबी पाय. हे तसं नव्हतं. यात बोडीच्या काठचा चिखल होता, चिखलात खुरांचे ठसे होते, वाळक्या गवताचे पिवळे बुडखे होते, मागं मोहाची झाडं धुरकट होत गेलेली. आणि ढोरं तर अशी, की प्रत्येकानं आपापलं ओळखलं.

"हे माही टिकली!"

"कोसी पाह्य गा, कोसी! कान पाह्य तिचा!"

गावदेवी मातामायचे पुजारी उदाराम रागावले. "माह्या गाईचं मोडलं शिंग कायले दाखवलं जी?"

"मोडलेलं आहे म्हणून."

"हाये तं हाये. फोटोत नीट करता आलं असतं ना!"

सगळे हसले. मग चमेली पुढं आली, आणि तिचं हसू गेलं. चित्रातली चमेली भुरीच्या पाठीवर हात ठेवून आपल्याकडे तोंड करून उभी होती. फाटक्या लुगड्याखाली पोट जसं होतं तसं, गोल, उन्हात उजळलेलं. तिनं पदर पुढं ओढला. जणू पदर ओढल्यानं चित्रातलंही झाकलं जाणार होतं.

"तुमाले सांगलं होतं जी," एवढंच म्हणाली.

मास्तर म्हणाले, "बाई, मी दिसतं तेच काढतो. त्यात वाईट काय आहे?"

 ती घरी गेली.

रंग तेलाचा. वाळायला महिना-दीड महिना लागतो म्हणे. ओलं चित्र गाडीत खराब होईल म्हणून मास्तर ते मामाजींच्या हवाली करून नागपूरला गेले; होळीच्या सुमारास येऊन नेणार होते. आम्ही ते मधल्या खोलीत ठेवलं. दिवा लावायला गेलं की तेलाचा उग्र वास यायचा आणि अंधारातून ती ढोरं बघत असायची. मी रामाचं नाव घेत पटकन बाहेर यायची.

मग ढोरांवर माता आली. ढोरांच्या या आजाराला आमच्याकडे माताच म्हणतात. नाकातोंडातून पाणी, पोट सुटलेलं, डोळे चिकटलेले, आणि दोन-चार दिवसांत जनावर आडवं. बालाघाटकडून बाजाराला चाललेला एक कळप बोडीवर पाणी पिऊन गेला होता, त्यातून आली असावी असं मामाजी म्हणत. पण पहिली मेली ती टिकली, चित्रात सगळ्यात पुढं असलेली. तिच्यामागून कोसी. मग उदारामांची मोडक्या शिंगाची. चित्रात नसलेलीही मरत होती, पण ती कोण मोजतो? लोक आमच्या घरी येत, चित्रापुढं उभे राहत, आणि आपली गाय कितवी आहे ते पाहून परत जात.

चमेली दोनदा आली. दारातूनच विचारलं, "पाटलीनबाई, भुरीपर्यंत आलं का वो?"

सासूबाई म्हणाल्या, "असं बोलू नाही, पोरी. तू घरी जा, मातामायचं नाव घे."

"नावच घेऊन राहिली जी. झोपेत बी घेऊन राहिली."

भुरी पौषात मेली. त्याच सकाळी चमेलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. दोन्ही गोष्टी एका दिवशी झाल्या, हे मी लिहिते तेव्हा साधं वाटतं. त्या दिवशी साधं वाटलं नव्हतं. आमच्या घरात चुलीवर भाजी करपली तरी कुणी हललं नाही. चित्रात भुरीच्या मागं आता चमेलीच होती.

संध्याकाळपर्यंत मुलगी झाली. लहानशी, वजनाला हलकी, रडणं मांजरीच्या पिलासारखं. सुईण धुरपताबाई येऊन सांगून गेली, "दोघी जित्या हायेत. पोरगी गार हाये जरा. शेक चालू ठेवला हाये."

दुसऱ्या दिवशी गाव मातामायच्या झाडाखाली बसलं. उदाराम पुजारी बोलले ते मला ओसरीवर ऐकू येत होतं. जुन्या रीतीनं माता घालवायची ठरली. आमच्याकडे ती रीत अशी: गावातल्या सगळ्या चुली विझवायच्या, एकाही घरी ठिणगी ठेवायची नाही. मग ढोरक्यानं बांबूवर बांबू घासून नवा विस्तव पाडायचा. त्या विस्तवाचा धूर करून सगळी ढोरं त्यातून हाकायची. तोच विस्तव आधी मातामायच्या दिव्याला, मग पाटलाच्या चुलीला, मग घराघरांत क्रमानं. एखाद्या घरी जुना विस्तव लपून राहिला तर नवा पडत नाही, असं मानतात.

"आनखी एक हाये," उदाराम म्हणाले. "तो फोटो. जाळात पयले फोटो टाकायचा. ढोरं त्यात बांधून ठेवली हायेत त्या मानसानं."

मामाजी म्हणाले, "परक्याची वस्तू आहे, उदाराम. माझ्या भरवशावर ठेवून गेला."

"तुमचा बैल बी गेला ना जी? भरवसा बैल देईल का परत?"

मामाजी गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे झालंच.

उद्या सकाळी चित्र न्यायला येणार असं ठरलं. पण सकाळ व्हायच्या आधीच धुरपताबाई आमच्या मागच्या दाराशी. आभाळ भरून आलेलं, पौषातलं थंड पाणी भुरभुरत होतं. धुरपताबाई सासूबाईंना म्हणाली, "चमेली थरथरून राहिली. म्हनते, फोटो जाळला तं मी जळन, पोटातलं जळन. म्या म्हटलं पोटातलं भाईर आलं बाई, हे पाह्य तुह्या उराशी हाये. ते ऐकत नाही. म्हनते, त्यात तं पोटातच हाये ना."

माझ्या मनात आलं, सासूबाई मामाजींना विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "पोटुशी बाई जाळून गावाचं भलं कसं होईल? मग ती रंगाची असली म्हणून काय झालं. घेऊन जा." एक टोक धुरपताबाईनं धरलं, एक मी. पोत्यानं झाकून आम्ही ते मनीरामच्या घरी पोचवलं आणि मी दारातूनच परत आले. आत सुवेर होतं, बाळंतपणाचा विटाळ. बाळंतिणीच्या खोलीत सुईणीशिवाय कुणी जात नाही, बाप्यामाणसानं तर उंबऱ्याला हात लावायचा नाही.

धुरपताबाईनं तेच धरून ठेवलं होतं डोक्यात. माणसं चित्र मागायला आली तेव्हा ती दारात पाय पसरून बसली होती.

"धुरपता, फोटो काढ भाईर."

"या ना आत, घेऊन जा."

"सुवेर हाये आत."

"मंग? म्या बलावलं का तुमाले?"

"धुरपता, चावटपना नोको करू. गावाची ढोरं मरून राहिली."

"आन आत कोन हाये? गावाचं नाही का? उदाराम, तुही तीनही लेकरं माह्या हातात आली. तवा सुवेरात शिरला होतास का, आता शिरशील?"

कुणीतरी हसलं, आणि उदारामांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या दावणीला आता एकच गाय उरली होती, हे मी विसरत नाही. ते म्हणाले, "बरं. फोटो राहू दे सुवेरात. पन इस्तो विझवा लागल. त्यात सूट नाही. एका घरच्या इस्त्यानं साऱ्या गावाचं वाटोळं होईल."

धुरपताबाई उठून उभी राहिली. "बाळंतिनीचा शेक? आन अशा थंडीत? पोरगी परवाची हाये गा!"

आतून चमेलीचा आवाज आला. "विझवा माय. मातामायचं हाये ते. पन फोटोले हात नोका लावू."

धुरपताबाईनं शेगडीवर राख ओढली, वर पाणी टाकलं. तो चरकन आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला.

आखरावर मनीराम बसला. अजूनही सुजलेल्या पायानं बांबू दाबून धरला आणि दुसऱ्या बांबूची चीर त्यावर ओढायला लागला. विस्तव त्यानंच पाडायचा होता. त्याच्या मागं त्याचं घर दिसत होतं, धूर नसलेलं. कुठल्याच घरावर धूर नव्हता. मी माझ्या जन्मात असं गाव पाहिलं नव्हतं. चूल नाही, दिवा नाही, वर आभाळ काळं, आणि झाडाखाली भिजत उभी असलेली आजारी ढोरं. लेकरंसुद्धा ओरडत नव्हती. फक्त बांबूचा घासण्याचा आवाज.

बांबू ओला होता. गरम व्हायचा, वास यायचा, विझायचा. कुणी कोरडा कापूस आणला, कुणी पळसाची साल. दुपार झाली तरी ठिणगी नाही. मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. उदाराम म्हणाले, "कोनाच्या तरी घरी लपून हाये." माणसं घराघरांत शिरून चुलींत हात घालून पाहू लागली. आमच्या चुलीतही हात घातला. मनीरामच्या दाराशी येऊन ती थांबली.

"धुरपता, खरंच विझवला ना वो शेक?"

"ये ना, हात घाल शेगडीत!" ती ओरडली. "पोरीचे ओठ पाह्य, निळे पडून राहिले! मनीरामले सांग, हात चालव म्हना!"

आत काय झालं ते मला नंतर त्या दोघींनी सांगितलं. कुडाच्या भिंतीचं लिंपण वाऱ्याच्या बाजूनं पडलं होतं आणि तिथून पाण्याची झड थेट खाटेवर येत होती. चमेलीनं मुलगी लुगड्याच्या आत छातीशी धरली होती, पण तिचंच अंग गार. धुरपताबाईनं आजूबाजूला पाहिलं. पोतं होतं ते ओलं. उरलं ते चित्र. तेलाच्या कापडातून वारा जात नाही, पाणी जात नाही.

"हे लावतो भिंतीले," ती म्हणाली.

"माह्याकडे तोंड नोको करू त्याचं!"

"मंग पान्याकडे करू? रंग धुपंल."

चमेलीनं डोळे मिटले. रंग धुपला तर काय, आणि न धुपता समोर राहिला तर काय, दोन्हींची तिला सारखीच भीती. शेवटी म्हणाली, "कर माह्याकडे." धुरपताबाईनं चौकट कुडाला टेकवून खाली पाट्याचा टेका लावला. झड थांबली. आणि त्या खोलीत चमेली स्वतःच्या पुढ्यात बसून राहिली. समोरची पोटुशी, उन्हात. ही रिकामी, गारठलेली, छातीशी एक जीव घेऊन. तिनं मला सांगितलं, "बाई, म्या तिले म्हटलं, तुह्या पोटात ऊन हाये, थोडं माह्या पोरीले दे. म्हटलं आन मलेच भेव वाटलं, मी कोनाशी बोलून राहिली म्हून."

पाणी थांबलं तेव्हा दिवस खूप कलला होता. मनीरामच्या तळहातांचं कातडं सोललं होतं, बांबू लाल झाला होता. मग कापसातून बारीक धूर निघाला. त्यानं फुंकलं. सगळं गाव त्याच्याबरोबर फुंकत होतं, तोंडं नुसती पुढं करून. ज्वाळा आली, वाळलं गवत पेटलं, शेणी पेटल्या. "मातामाय की जय!" झालं.

उदाराम मातामायचा दिवा घेऊन पुढं आले. रीत तीच होती, आधी देवीला. आणि मनीरामनं पेटती शेणी दोन लाकडांत धरून उचलली, आणि तो लंगडत घराकडे पळत सुटला.

कुणी अडवलं नाही. अडवायचं कुणाला सुचलंच नाही. उदाराम हातात दिवा घेऊन तसेच उभे. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "अरे देवा, आता तं गेलंच सारं." मीही हात जोडले. मातामाय, माफ कर, एवढंच म्हटलं. दूर मनीरामच्या छपरावर पहिला धूर दिसला, आणि मग देवीचा दिवा लागला, आणि ढोरं धुरातून हाकली गेली.

त्यानंतरही दोन-तीन ढोरं मेली. प्रत्येक वेळी लोक मनीरामकडे पाहत, आणि मनीराम खाली पाहत असे. चमेली तेव्हा सुवेराचे बारा दिवस सरायच्या आतच मातामायपुढं लोटांगण घालायला निघाली होती. धुरपताबाईनं दार अडवून तिला बसवलं. पुढं भंडाऱ्याहून ढोरांचे डॉक्टर आले, उरलेल्या ढोरांना सुया टोचल्या, आणि माता गेली. उदाराम म्हणतात नव्या विस्तवानं गेली. डॉक्टर म्हणाले सुईनं गेली. मला काय कळतं! पण देवीला त्या दिवशी थोडं थांबावं लागलं म्हणून तिला राग आला असेल, असं माझ्या मनाला पटत नाही. तिनंच तो विस्तव आधी तिकडे जाऊ दिला असेल.

मुलगी वाचली. नाव धनवंता.

होळीला मास्तर आले. चित्राच्या कडेला कुडाची माती लागली होती, एका कोपऱ्यात रंग दबला होता. मामाजींनी त्यांना सगळं सांगितलं. मास्तर तसेच उठून चमेलीकडे गेले. मीही सोबत होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता म्हणाल तर पोट झाकतो, पदर काढतो त्यावर. किंवा तुम्हाला चित्रातून काढूनच टाकतो. तुमच्या जागी गवत रंगवतो."

"पुसू नोका जी!" चमेली एवढ्या मोठ्यानं म्हणाली की धनवंता दचकून रडायला लागली. "पुसू बी नोका, झाकू बी नोका. आता त्यात काई बी करू नोका."

"बरं. काही करत नाही."

"कोठी ठेवसाल ते?"

"नागपूरला. एक मोठे लोक आहेत, त्यांच्या दिवाणखान्यात लावतील."

"तेथी चूल हाये का जवर?"

मास्तरांना आधी कळलं नाही. मग म्हणाले, "नाही बाई. चूल दूर असते. मी सांगून ठेवीन."

"सांगा जी. आगीजवर नोका ठेवू म्हना. दिवा बी जवर नोको."

मास्तरांनी गाडीत पोतं अंथरलं, चित्र ठेवलं, दोरी बांधली. गाडी अर्जुनीच्या रस्त्याला लागेपर्यंत चमेली मुलीला घट्ट धरून उभी होती.

आता धनवंता सात वर्षांची आहे, दुसरीत जाते. सुट्टीत आईमागं ढोरांबरोबर फिरते, आणि मधूनच पोहायला बोडीत उडी मारते. चमेली काठीवर दोन्ही हात ठेवून काठावर बघत राहते. बिबट्याला ती आजही दगड मारेल. पण मुलीला साधा ताप आला की ती आमच्या ओसरीवर येते, बसत नाही, उभ्यानंच विचारते. नागपूरहून कुणी पाव्हणा आला असेल तर त्याला विचारते, पेपर आला असेल तर मला वाचायला लावते.

"पाह्य ना बाई, बरोबर पाह्य. नागपुरात कोठी आग तं नाही लागली ना?"